ईमेल हेडरची दर्शनी निवड

ईमेलच्या मजकुराआधी येणाऱ्या ओळींना हेडर म्हणतात. त्यांपैकी कोणत्या ओळी मेल-प्रोग्रामने पडद्यावर दाखवाव्यात, हे ठरवण्याची सोय म्हणजे हेडरची दर्शनी निवड. १९८२च्या आरएफसी ८२२ या मानकाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) हेडरची रचना घालून दिली. तिची २००८ची सुधारित आवृत्ती म्हणजे आरएफसी ५३२२. त्यानुसार ‘फ्रॉम’ आणि ‘डेट’ एवढ्याच ओळी सक्तीच्या आहेत. ‘टू’ आणि ‘सब्जेक्ट’सुद्धा ऐच्छिक. प्रत्यक्षात एका मेलला पंचवीस-तीस ओळी सहज असतात आणि प्रोग्राम त्यातल्या चार-पाचच दाखवतो.

महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांत बिले चुकती करणाऱ्यांनी हा विषय नीट समजून घ्यायलाच हवा. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे पेमेंट नव्या खात्यात करा’ असा मेल पुरवठादाराच्या नावाने येतो. ‘फ्रॉम’ ओळखीचा, ‘रिप्लाय-टू’ मात्र भलताच. उत्तर जाते त्या दुसऱ्याच पत्त्यावर. पुरवठादाराचा मेलबॉक्सच कुणी ताब्यात घेतला असेल, तर हेडर निर्दोष दिसतात. अशा वेळी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करावी.

थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममध्ये ‘व्ह्यू’, ‘हेडर्स’, ‘ऑल’ निवडले की सगळ्या ओळी दिसतात. पण मजकूर पार खाली ढकलला जातो. रोजच्या कामाला मोजक्याच ओळी वाढवाव्यात. सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानाच्या तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ आहे. तिथे ‘एक्स्ट्राएक्स्पांडेड’ हा शब्द रोमन लिपीत सलग टाईप करून शोधावा आणि सापडलेल्या नोंदीत हव्या त्या हेडरची नावे लिहावीत : लहान रोमन अक्षरांत (लोअरकेस), दोन नावांमध्ये एक जागा सोडून, पुढे कोलन (:) न देता. ‘रिटर्न-पाथ’ (न पोचलेला मेल परत जातो तो पत्ता) आणि ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ (पाठवणाऱ्याच्या खरेपणाच्या तपासणीचा निकाल) ही दोन पुरतात. नाव बरोबर लिहूनही ओळ दिसली नाही, तर बहुधा त्या मेलमध्ये ती ओळच नसते. दुसरा मेल उघडून पाहावे.

जीमेलमध्ये अशी कायमची निवड नाही. संगणकावर मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडावे लागते. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून ‘फाइल’, मग ‘प्रॉपर्टीज’. मट या कमांड-लाइनवरच्या मेल-प्रोग्राममध्ये ‘इग्नोर’ने सगळे झाकून ‘अनइग्नोर’ने हवे ते उघडतात.

मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला हे सांगणाऱ्या ‘रिसीव्हड’ ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो. सर्वांत वरच्या, म्हणजे आपल्याच सर्व्हरने घातलेल्या ओळींवर विसंबावे. खालच्या कुणीही बनवू शकतो. ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’मध्येही आपल्या सर्व्हरचे नाव आहे ना, हे आधी पाहावे. वाशीत सकाळी ९:१५ला आलेल्या मेलवर ०३:४५ +०००० अशी वेळ (+०००० म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी) असली तर त्यात काही काळेबेरे नाही. भारताची वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे. ‘डेट’ मात्र पाठवणाऱ्याच्या यंत्रावरची असते, ती चुकीची असू शकते.

दर्शनी निवड बदलल्याने मूळ मेल बदलत नाही. साधे ‘फॉरवर्ड’ केल्यावर मात्र मूळ हेडर गळतात. म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिसांकडे तक्रार करताना मेल ईएमएल फाइल (हेडरसकट पूर्ण मेल साठवणारी फाइल) म्हणून जतन करावा किंवा अटॅचमेंट म्हणून पाठवावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.