दांडा 'पी'मध्ये अडकलाय? आधी ब्रेकचा दिवा पाहा

इंजिन चालू आहे, ब्रेकवर पाय आहे, गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलंय आणि दांडा 'पी'वरून, म्हणजे पार्कवरून, तसूभरही हलत नाही. ऑटोमॅटिक गाडीत असं झालं की पहिली धास्ती वाटते गिअरबॉक्सची, म्हणजे गाडीतल्या अत्यंत महाग भागांपैकी एकाची. गिअरबॉक्स बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. तुमचा पाय आणि गिअर यांच्यामध्ये एक स्विच, एक फ्यूज, एक छोटं विद्युतचुंबक, एक केबल आणि प्लास्टिकचा एक बोटाच्या पेराएवढा बुश अशी साखळी असते. त्यातली कुठली कडी गेली हे शोधणं हेच खरं काम. हा शोध दांडा गिअरबॉक्सला केबलने जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. फिरवायची गोल खुंटी किंवा नुसती बटणं असतील, तर त्यातला बराचसा कारभार कॉम्प्युटरच्या हाती असतो आणि तिथे घरगुती दुरुस्तीच्या भानगडीत न पडलेलं बरं.

ब्रेक दाबल्याशिवाय 'पी' सोडू न देणारं हे कुलूप आलं कुठून? 1980च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 ही गाडी आपोआप उसळते अशा तक्रारींचा गदारोळ झाला. ऑडीने 1987 मध्ये या गाड्या परत बोलावून त्यांत असं कुलूप बसवलं. अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाने 1989 मध्ये निष्कर्ष काढला की बहुतांश प्रसंगांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. पाय ब्रेकवरच आहे याची खात्री झाल्यावरच गिअर पडू द्यायचा, एवढं साधं या कुलपाचं तत्त्व. 1 सप्टेंबर 2010 पासून बनणाऱ्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना अमेरिकेत ते सक्तीचं आहे.

सुरुवात फुकटच्या चाचणीने करा. गाडीची पाठ भिंतीकडे असेल तर आरशात पाहत ब्रेक दाबा, नाहीतर कोणाला तरी मागे उभं करा. ब्रेकचे दिवे लागतात का? बहुतेक गाड्यांत दिवे पेटवणारा आणि कुलपाला 'पाय ब्रेकवर आहे' असं कळवणारा स्विच एकच असतो. एकच दिवा गेला असेल तर तो बल्बचा दोष. सगळेच अंधारात असतील तर फ्यूज किंवा स्विच, आणि तुमचं अर्धं निदान झालं.

फ्यूज आधी बघा. पेटीच्या झाकणावर नकाशा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचाच घाला, मोठा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. नवा फ्यूजही लगेच गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे. डिकीच्या बिजागरीपाशी वारंवार वाकणाऱ्या वायरी आणि पाणी शिरलेले बल्बचे होल्डर आधी तपासा.

फ्यूज धड असेल तर पेडलच्या वर, दांडीला टेकलेला स्विच. पेडल सुटं असताना दांडी स्विचचा प्लंजर, म्हणजे आत-बाहेर सरकणारा खुंटा, आत दाबून ठेवते, पाय दिला की प्लंजर बाहेर येतो आणि आतले संपर्क जुळतात. हे संपर्क जळतात त्याचं कारण साधं आहे. 21 वॉटचे तीन बल्ब म्हणजे 63 वॉट. 12 व्होल्टवर सुमारे 5 अँपिअर. ज्या गाड्यांत हा प्रवाह थेट स्विचमधून जातो, तिथे प्रत्येक ब्रेकला एक बारीकशी ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षांत संपर्कांवर काजळी धरते. तपासायला स्विचच्या वायरींचं सॉकेट काढून मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बीपवर ठेवा, संपर्क जुळला की तो वाजतो. दोन पिनांच्या स्विचमध्ये प्लंजर दाबल्यावर शांतता आणि सोडल्यावर बीप हवा. चार पिना असतील तर एक जोडी अशी वागते आणि दुसरी नेमकी उलट. बीप अडखळत असेल तर स्विच बदला. तो स्वस्त भाग आहे, उघडून घासत बसण्यात अर्थ नाही. आट्यांचा स्विच असेल तर त्याची आट्यांची बाजू पेडलच्या टेकूला लागेपर्यंत फिरवून साधारण पाव फेरा मागे घ्यावा. मापाचा अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. जास्त आत गेला तर पेडल किंचित दाबलेलं राहून ब्रेक घासत राहतात.

पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचा किंवा रबराचा भुगा सापडला तर तो फेकू नका, तो पुरावा आहे. पेडलच्या दांडीला एक भोक असतं आणि त्यात प्लंजरला टेकणारी नखाएवढी टिकली बसवलेली असते. ती जुनी होऊन विरली की प्लंजर भोकातून आरपार जातो आणि ब्रेकचे दिवे रात्रभर जळत राहतात. सकाळी बॅटरी मेलेली, आणि मेलेल्या बॅटरीवर कुलूपही उघडत नाही. लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात, दोष त्या टिकलीचा. नवी टिकली मिळेपर्यंत सपाट डोक्याचा बोल्ट भोकातून घालून मागून नट आवळला तर काम भागतं.

दिवे व्यवस्थित लागत असतील तर आता कान लावायचा. इंजिन बंद, चावी 'ऑन', आजूबाजूला शांतता. ब्रेक दाबल्यावर दांड्याच्या बुडाशी 'टक्' असा आवाज यायला हवा. तो कुलूप उघडणाऱ्या विद्युतचुंबकाचा, सॉलेनॉइडचा, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडू यांचा. आवाजच नाही तर वेटोळं तुटलंय किंवा तिथवर वीज पोचत नाही. आवाज येतो पण दांडा हलत नाही तर काहीतरी चिकटलंय.

सॉलेनॉइडची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 12 वरून 9 वर आलं तर ओढ तीन चतुर्थांश नव्हे, 56 टक्क्यांवर येते. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. वेटोळं 50 अंशांनी तापलं तर प्रवाह सुमारे 16 टक्क्यांनी उतरतो आणि ओढ 70 टक्क्यांवर येते. म्हणून सकाळी बिनतक्रार सुटणारा दांडा दुपारी उन्हात उभ्या गाडीत अडतो. अशा मरतुकड्या ओढीला थोडासा चिकटपणाही पुरतो, आणि तो चिकटपणा बहुतेकदा कपहोल्डरमधून सांडलेल्या गोड पेयाचा असतो.

तात्पुरती सुटका हवी असेल तर दांड्याजवळ एक लहानसं प्लास्टिकचं टोपण शोधा. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, टोकाला कापड गुंडाळलेल्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने टोपण उचका, आतली कळ दाबून धरा आणि दांडा 'एन'मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, घ्या. गाडी 'एन'मध्येही सुरू होते. 'पी' सुटताच गाडी उतारावर चालू लागू शकते, म्हणून हँडब्रेक आधी.

आतून साफ करायचं तर बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबा, मग कन्सोल, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, उचला. पिवळ्या रंगाचे सॉकेट एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. साखर अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाही, त्यामुळे नुसतं आयसोप्रोपाइल अल्कोहोल चोळून चिकटा निघत नाही. सॉलेनॉइडचं सॉकेट सोडवा, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने आधी चिकटा काढा आणि मग अल्कोहोलने उरलेली ओल पुसून घ्या. दांडू बोटाने दाबला की त्याने स्प्रिंगच्या जोरावर झटकन परतायला हवं. तेलाचा फवारा टाळा, धूळ बसून त्याची लापशी होते. सरकत्या जागी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. वेटोळं मल्टिमीटरने मोजा. रोध अनंत दाखवला तर तार तुटलीय, सॉलेनॉइड बदला.

कधी विजेचं काहीच बिघडलेलं नसतं. उतारावर 'पी' टाकून पाय उचलला की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका पोलादी खिटीवर येतो, कारण 'पी' म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात अडकवलेली खिटी. मग ती दातांत घट्ट रुतते. एकाने गाडी चढाकडे किंचित ढकलली की भार उतरतो आणि दांडा सुटतो. पुढच्या वेळी आधी 'एन', मग हँडब्रेक, मग पाय हळूहळू उचलून भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा आणि शेवटी ब्रेक दाबून 'पी'.

याच्या अगदी उलट लक्षण म्हणजे दांडा ढिला, लोण्यात फिरवावा तसा फिरतो आणि गिअर पडत नाही. हे केबलच्या टोकाचा बुश गेल्याचं चिन्ह. गिअरबॉक्सवरच्या गोळ्यावर केबल धरून ठेवणारी ही प्लास्टिकची कडी उष्णता आणि ओल यांनी ठिसूळ होऊन फुटते. याच कारणाने जून 2022 मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 29 लाख गाड्या परत बोलावल्या. इथे धोका मोठा आहे, कारण दांडा 'पी' दाखवतो आणि गिअरबॉक्स 'डी'मध्ये असू शकतो. गाडी घरंगळते. म्हणून हँडब्रेकसोबत चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका.

बुश बदलायला केबलचं टोक गोळ्यावरून उपसा, जुन्या प्लास्टिकचे तुकडे खरवडून काढा. नवा बुश दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवला की लवचीक होतो. तो टोकात पक्कडीने दाबून बसवा, आत ग्रीस लावा आणि गोळ्यावर टचकन बसेपर्यंत दाबा. केबल टायने टोक बांधून ठेवणं हा फक्त सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेण्यापुरता उपाय, कारण टाय कधी सुटेल याचा नेम नसतो.

केबल सुटी असतानाच एक चाचणी उरकून घ्या. आतला दांडा हलवून पाहा आणि गिअरबॉक्सवरची कळ, म्हणजे केबल जिला ओढते तो छोटा हात, हातानेही फिरवून पाहा. दांडा जड असेल तर केबलच्या आवरणात पाणी वा गंज शिरलाय, केबल बदला. कळच जड असेल तर तिथे हात आवरा, ते काम मेकॅनिकचं.

जोडल्यावर केबलची लांबी जुळवायची असते. गिअरबॉक्सची कळ आणि आतला दांडा दोन्ही एकाच खुणेवर ठेवून केबलचा खटका लावतात. बहुतेक गाड्यांत ती खूण 'पी' असते, काहींत 'एन'. नंतर ब्रेक दाबून प्रत्येक खुणेवर दांडा नेऊन डॅशबोर्डवरचं अक्षर जुळतं का ते पाहा. स्टार्टर फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये फिरला पाहिजे. 'आर' किंवा 'डी'मध्ये फिरला तर जुळणी चुकलीय, खटका सोडून पुन्हा लावा.