काळं दिसलं म्हणजे पूर नव्हे

बळ्ळारी नाला फुगला की बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एखादी करडी उपग्रह-प्रतिमा फिरू लागते. खाली ओळ असते: 'काळं दिसतंय ते सगळं पाण्याखाली.' मग शहापूर-वडगावची मंडळी आपली गल्ली काळ्यात येते का ते शोधत बसतात. प्रतिमा बहुतेकदा खरी असते, घोळ त्या ओळीत असतो.

भर पावसात ढगांखालचं पाहायला रडारच लागतं. युरोपचा सेंटिनेल-१ (पहिला २०१४ साली सुटला) आणि इस्रोचा ईओएस-०४ (२०२२) साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतात. ढगातले थेंब त्यापुढे अगदीच बारीक, त्यामुळे लहर आरपार जाते. रडार तिरकं बघतं. संथ पाण्यावर पडलेली लहर पुढे निसटते, उपग्रहाकडे परत येत नाही आणि ती जागा काळी उमटते. उघड्या माळावर हे ठीक. पण सांबऱ्याची धावपट्टी, गुळगुळीत डांबरी रस्ता, उंच इमारतीची रडार-सावली हीसुद्धा काळीच दिसतात, पाऊस असो वा नसो.

वस्तीत तर उलटाच प्रकार. लहर रस्त्यावरून भिंतीवर आपटते आणि तिथून आल्या दिशेनं परत फिरते, कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्याजवळच्या दोन कडांना लागून फिरतो तशी. म्हणून घरं पांढरीशुभ्र दिसतात. गल्लीत गुडघाभर पाणी साचलं तर खालचा पृष्ठभाग आणखी गुळगुळीत होतो, आणि भिंत रडारच्या समोर असेल तर ती गल्ली आधीपेक्षा उजळ दिसू शकते!

यावरचा तोडगा मला फार आवडतो. रडार लहरीची तीव्रता नोंदवतं, तशीच तिची कलाही, म्हणजे लहर चढावर परतली की उतारावर. एकाच कक्षेतून वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन प्रतिमा जुळवायच्या आणि प्रत्येक ठिपक्यातला कलेचा फरक काढायचा. शेजारशेजारच्या ठिपक्यांत हा फरक एकसारखा आला तर 'कोहेरन्स' १ च्या जवळ, विस्कटला तर ० कडे. घरं जागची हलत नाहीत, म्हणून वस्तीचा कोहेरन्स एरवी चांगला असतो. पाणी शिरलं की परावर्तनाची जागाच बदलते. जाण्या-येण्याचं अंतर दुप्पट मोजलं जातं, त्यामुळे दीड सेंटिमीटरहून कमी फरकानंही कला पार उलटी होते. म्हणून पुराआधीच्या दोन प्रतिमांचा कोहेरन्स आणि पुराआधी-पुरातल्या जोडीचा कोहेरन्स शेजारी ठेवायचे. जिथे तो धाडकन पडला, तिथे पाण्याचा संशय घ्यायचा.

हीच युक्ती वडगाव-येळ्ळूरच्या भातशिवारात फसते. पिकाची पानं रोज हलतात, तिथला कोहेरन्स आधीच खालावलेला. तिथे पुन्हा काळ्या रंगाकडेच वळावं लागतं, आणि खाचरात तर पुराआधीही पाणी असतं. एका नाल्याच्या दोन काठांना दोन रीती! नक्षत्राचं वाहन बेडूक होतं म्हणून पूर आला, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण 'आमचं एआय घरनिहाय पूर दाखवतं' म्हणणाऱ्यांना एवढं जरूर विचारा: पुराआधीची जोडी कुठली घेतली?

शिवाय वेळेची अडचण आहेच. एक सेंटिनेल त्याच मार्गावर १२ दिवसांनी येतो, नाल्याचं पाणी काही तासांत ओसरतं. कुडची-अथणीकडे कृष्णेचा पूर दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो, तो सापडतो. मात्र तिथे ऊस आडवा येतो, कारण साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांच्या शेंड्यांवरूनच परतते. जुलै २०२५ मध्ये सुटलेल्या निसार या रडार-उपग्रहाची २४ सेंटिमीटरची लहर पानांतून बरीच खाली उतरते, पाण्यावरून उसाच्या कांड्यांवर आपटून परत येते. त्या प्रतिमांत पाण्यात उभा असलेला ऊस पांढरा दिसण्याची शक्यता जास्त.