शेवंती रात्र मोजते

भाचीचं लग्न 5 डिसेंबरला होतं. हार घरच्याच शेवंतीचे करायचे, म्हणून नागपुरातल्या आमच्या गच्चीवर तीस कुंड्या लावल्या. बावीस भरभरून फुलल्या. जिन्याच्या दिव्याजवळच्या आठ नुसत्याच हिरव्यागार, कळीचा पत्ता नाही. "कोणाचा तरी विटाळ झाला असेल," असं एक जण म्हणाल्या. ऐकून फार वाईट वाटलं. पाळीतल्या बाईच्या हाताने कुठलंही झाड रुसत नाही. दोष होता रात्रभर जळणाऱ्या बल्बचा.

शाळेत शेवंतीला लघुदिवसी, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारी, वनस्पती म्हणतात. 1920 साली गार्नर आणि ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी दिवसाची लांबी आणि फुलणं यांचं नातं दाखवलं, तेव्हापासूनचं हे नाव. पण 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर सिद्ध केलं की मोजली जाते ती रात्र. दिवसा मध्येच अंधार केला तरी काही बिघडत नाही, रात्री मध्येच उजेड केला की फुलणं थांबतं.

हे घडतं फायटोक्रोम या प्रथिनामुळे. त्याची दोन रूपं आहेत. पहिलं 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश शोषून दुसरं होतं. दुसरं 730 नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशाने पुन्हा पहिलं होतं. उन्हात दुसऱ्याचा साठा राहतो, अंधारात तो हळूहळू ओसरतो. मध्यरात्री तांबडा झोत टाकला की साठा पुन्हा भरतो आणि फुलणं अडतं. पाठोपाठ 730चा झोत टाकला की अडसर दूर! असे झोत आलटूनपालटून टाका, शेवटचा कोणता यावर सगळं ठरतं. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे हे दिसलं. पानाचं स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळही असतं, फायटोक्रोम त्याला उजेडाची खबर देतं. रात्र पुरेशी लांबली की पानातून फ्लोरिजेन, म्हणजे फुलण्याचा निरोप नेणारं प्रथिन, शेंड्याकडे जातं आणि तिथे कळी धरते.

नागपुरात जूनचा दिवस सुमारे 13 तास 25 मिनिटांचा, डिसेंबरचा 10 तास 50 मिनिटांचा. लांब रात्री सुरू झाल्यावर फुलायला जातीनुसार 6 ते 15 आठवडे लागतात. दहा आठवड्यांची जात असेल आणि लग्न 5 डिसेंबरला, तर कळी आधीच धरू नये म्हणून 26 सप्टेंबरपर्यंत रात्री 10 ते 2 दिवा लावा, मग पूर्ण अंधार. मे महिन्यातल्या लग्नासाठी काळं कापड झाकून रात्र लांबवता येईल, पण 45 अंशांत शेवंती रखडते. तेव्हा मोगराच बरा.

लग्नानंतर बल्ब काढला. फेब्रुवारीच्या मध्यावर त्या आठही कुंड्या फुलल्या.