सोळाशेवर अडलेले रेटिंग

काही महिन्यांपूर्वी एका बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझ्याकडे एक प्यादे जास्त होते आणि दोन्ही बाजूंना एकेक हत्ती उरला होता. पाच-सहा मिनिटे हिशेब करून मी हत्तीला हत्ती मारला. पटावर माझा पांढरा राजा ई-५ वर (अक्षर उभ्या स्तंभाचे, आकडा आडव्या रांगेचा), त्याच्या मागे प्यादे ई-४ वर आणि समोर काळा राजा ई-७ वर, अशी स्थिती आली. जास्तीचे प्यादे म्हणजे विजय, असे मी धरून चाललो होतो. पण चाल करण्याची पाळी माझी होती आणि तिथेच डाव बरोबरीत गेला. दोन राजे एक घर सोडून समोरासमोर उभे असताना ज्याला हलावे लागते तो वाट सोडतो. मी डावीकडे गेलो की काळा राजाही तिकडे सरके, उजवीकडे गेलो की उजवीकडे. हीच स्थिती काळ्याच्या पाळीला आली असती तर मी जिंकलो असतो.

विजयाला एक गुण मिळतो, बरोबरीला अर्धा. त्या गमावलेल्या अर्ध्या गुणाची किंमत रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या, भाषेत बरोबर दहा अंक होती. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आखलेली ही पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण काढायचे आणि प्रत्यक्ष गुण त्याहून जितके कमी-अधिक पडतील त्यांना एका ठरावीक अंकाने गुणायचे, एवढाच तिचा गाभा. फिडेच्या नियमात तो अंक, ज्याचे रेटिंग कधीच २४०० ला पोचलेले नाही अशा स्थिरावलेल्या प्रौढ खेळाडूसाठी २० असतो. १६०० च्या खेळाडूकडून १८०० च्या खेळाडूविरुद्ध साधारण ०.२४ गुणाची अपेक्षा असते. म्हणून तो जिंकला तर पंधरा अंक मिळतात आणि हरला तर जेमतेम पाच जातात. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत एखादा-दीड गुण निव्वळ योगायोगाने इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे वीस-तीस अंकांची चढउतार ही प्रगतीही नसते आणि अधोगतीही नसते. दर आठवड्याला हा आकडा तपासणारा माणूस बहुतेक वेळा वाऱ्याची नोंद ठेवत असतो.

मग खरी प्रगती कशाने होते? मधल्या पातळीवरच्या बहुतेकांची समजूत अशी असते की मोठे खेळाडू दहा-दहा चाली पुढचे पाहतात आणि आपण तीनच पाहतो. ॲड्रियान द ग्रोट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये खेळलेले होते. त्यांनी ग्रँडमास्टर आणि क्लबातले सामान्य खेळाडू यांच्यापुढे तीच ती स्थिती मांडून त्यांना मोठ्याने विचार करायला लावले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधातला निष्कर्ष अनपेक्षित होता: किती चाली तपासल्या आणि किती खोल गेले यात फारशी तफावत नव्हती. पुढच्या संशोधकांना ती थोडी अधिक दिसली, हेही खरे. पण ग्रँडमास्टर मुळातच चांगल्या चालींपासून विचार सुरू करत होते, हा मुख्य मुद्दा टिकून राहिला.

याचे कारण १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी अधिक स्पष्ट केले. डावाच्या मध्यावरची, पंचवीसच्या आसपास मोहरे असलेली स्थिती त्यांनी पाच सेकंद दाखवली आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. मास्टरने सुमारे सोळा मोहरे योग्य जागी ठेवले, अव्वल हौशी खेळाडूने आठ, तर नवख्याने चार. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखुरले, तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. आपण वाचताना अक्षरे न पाहता शब्द पाहतो, तसा तो मोहऱ्यांचे ओळखीचे पुंजके पाहत होता. माझ्या त्या डावात मला तो ‘शब्द’ वाचता येत नव्हता, म्हणून मी अक्षरे जुळवत बसलो होतो आणि त्यातही पाळी कोणाची हे चुकलो.

तेव्हा सोळाशेच्या खेळाडूने सुरुवातीच्या चालींचे पंधरा-वीस चालींपर्यंतचे पाठांतर करण्यापेक्षा (आपला प्रतिस्पर्धी बहुधा सहाव्या चालीलाच पुस्तकातल्या चाली सोडून देतो) डावपेचांची कोडी आणि साधे शेवट (मोजकेच मोहरे उरलेला डावाचा अखेरचा टप्पा) यांवर वेळ घालवणे मला शहाणपणाचे वाटते. शेवटांची गंमत अशी की थोड्या ज्ञानात पुष्कळ काम भागते. वर सांगितलेली स्थिती एकच रांग पुढे सरकवा: पांढरा राजा ई-६ वर, प्यादे ई-५ वर, काळा राजा ई-८ वर. आता पाळी कोणाचीही असो, पांढराच जिंकतो, आणि कडेची दोन प्यादी सोडली तर हे कोणत्याही स्तंभातल्या प्याद्याला लागू पडते. कोडी मात्र एकदा सोडवून सोडून देऊ नयेत. तीच कोडी काही दिवसांच्या अंतराने, उत्तर न पाहता पुन्हा सोडवली तरच ओळख पक्की होते. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासातही खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत घट्ट संबंध एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचा आढळला. रात्री जागून खेळलेले तीन-तीन मिनिटांचे शंभर डाव या अभ्यासात मोजले जात नाहीत, हे मी स्वतःलाही वारंवार सांगतो.

ओळखीलाही एक धोका आहे. मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तरबेज खेळाडूंपुढे एक स्थिती ठेवली, तिच्यात राजाला त्याच्याच मोहऱ्यांत कोंडून घोड्याने द्यायची प्रसिद्ध मात होती आणि त्याहून कमी चालींत होणारी एक अनोळखी मातही होती. बहुतेकांना प्रसिद्ध मात लगेच दिसली. याहून चांगले काही आहे का ते शोधतो आहोत, असे ते सांगत होते. पण डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्राने दाखवले की त्यांची नजर त्याच जुन्या घरांवर फिरत होती. म्हणून डाव संपल्यावर संगणकाला विचारण्याआधी आपण कुठे पाहत होतो आणि कोणते घर पाहिलेच नाही, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवणे फार उपयोगी पडते. संगणक बरोबर चाल दाखवतो, ती आपल्याला का दिसली नाही ते त्याला ठाऊक नसते.

माझ्या अशा वहीच्या पहिल्या पानावर तीनच मोहरे काढलेले आहेत: ई-५, ई-४ आणि ई-७. खाली लाल शाईत लिहिले आहे, ‘हत्ती मारण्याआधी: मग पाळी कोणाची?’