उंदराला विचारणार कसं, दुखतंय का?

परवा घरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरत आला. निर्गुडी पेनकिलरपेक्षा भारी, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, गोळ्या फेकून द्या. खाली रिसर्च पेपरची लिंकपण होती, आणि ती कोणी उघडली नसणार, कारण उघडली असती तर कळलं असतं की जे काय सिद्ध झालंय ते उंदरांवर. यावर दुसरी पार्टी लगेच "हॅ, उंदरांवरच ना!" म्हणून मोकळी होते. मला दोन्ही पटत नाही. निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधणाऱ्या आज्या काही वेड्या नव्हत्या, आणि उंदरांवरचे प्रयोगही फालतू नसतात, फक्त त्यात नेमकं काय मोजतात हे एकदा बघायला हवं.

मूळ लोचा असा की दुखणं ही ज्याची त्याला कळणारी गोष्ट. डॉक्टर आपल्याला विचारतात, दहापैकी किती दुखतंय? उंदीर काय सांगणार. म्हणून मोजतात ते दुखणं नाही, त्याचं वागणं. सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे हॉट प्लेट. साधारण ५५ डिग्रीच्या प्लेटवर उंदीर ठेवायचा आणि तो पाय चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते स्टॉपवॉचवर बघायचं, ठरलेल्या वेळेत काहीच केलं नाही तरी उचलायचा, नाहीतर पाय भाजतील. शेपटीवर उष्णता सोडून ती कधी झटकतो हे बघायची टेस्ट १९४१ची आहे, आजही चालते. तिसरी रायदिंग टेस्ट, म्हणजे पोटात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं पातळ इंजेक्शन द्यायचं, मग उंदीर पोट आवळून अंग ताणतो, ते किती वेळा ते मोजायचं. वाचायलाही बरं वाटत नाही, मान्य, आणि म्हणूनच आपल्याकडे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय यातलं काही करता येत नाही.

रायदिंगला महागडं मशीन लागत नाही म्हणून एमफार्मच्या प्रोजेक्टात ती सर्रास दिसते. पण जी औषधं वेदनाशामक नाहीतच, उदाहरणार्थ काही अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीवरची) किंवा स्नायू सैल करणारी औषधं, तीसुद्धा या टेस्टमध्ये पास होतात. एवढ्या एकाच टेस्टवर "सिद्ध झालं" म्हणणारा पेपर असेल तर मी तरी पान उलटतो.

माझी लाडकी टेस्ट वेगळी आहे, फॉर्मॅलिन टेस्ट, १९७७ची. शाळेच्या लॅबमध्ये बरणीत साप-बेडूक ठेवायचे तेच फॉर्मॅलिन, पण अगदी पातळ आणि थेंबाहून कमी, मागच्या पंजाच्या कातडीखाली टोचतात. उंदीर लगेच पंजा चाटायला लागतो, पाचेक मिनिटं चाटतो, मग थांबतो. बसतो शांत. बघणाऱ्याला वाटतं झालं, संपलं. आणि टोचल्यापासून पंधराएक मिनिटांनी परत चाटायला सुरुवात, ती पार अर्ध्या तासाच्या पुढेपर्यंत! कोणी दुसरं इंजेक्शन दिलेलं नाही, पंजाला हात लावलेला नाही.

पहिला टप्पा सरळ आहे. फॉर्मॅलिन मज्जातंतूच्या टोकावरच्या टीआरपीए१ नावाच्या दारावर थेट जाऊन बसतं (२००७ साली कळलं हे, ज्या उंदरांत हे दार नाही ते फारसे चाटतच नाहीत) आणि सिग्नल निघतो. दुसऱ्या टप्प्यापर्यंत पंजा सुजायला लागलेला असतो, प्रोस्टाग्लँडिन वगैरे सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनं जमलेली असतात, पण खरी गंमत मज्जारज्जूत. तिथे येणारा सिग्नल ग्लुटामेट नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडतो, ग्लुटामेटसाठी पुढच्या पेशीवर दोन प्रकारची दारं, त्यातलं एनएमडीए नावाचं दार एरवी बंद असतं कारण त्याच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बाटलीच्या बुचासारखा अडकलेला असतो. सिग्नलचा मारा सतत होत राहिला की पेशीचा व्होल्टेज बदलतो, बूच उडतं, कॅल्शियम आत घुसतं, आतली एन्झाइम्स जागी होतात आणि ती पेशी जास्त संवेदनशील होऊन बसते, म्हणजे आता आधीपेक्षा कमी सिग्नल आला तरी ती जास्त बोंबलते. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात सुजेचा वाटा किती आणि या बुचाचा किती यावर संशोधकांची भांडणं भरपूर झालीत, पण दोन्ही लागतात असं धरून चालायला हरकत नाही.

याचा उपयोग असा की मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं आणि सूज उतरवणाऱ्या बऱ्याच गोळ्या मुख्यतः दुसरा. मग तुमच्या झाडाच्या अर्काने फक्त दुसरा दबला तर तो सुजेच्या वाटेवर काम करतोय असा अंदाज बांधता येतो, दोन्ही दबले तर मॉर्फिनची वाट तपासायची. ती तपासायला नॅलोक्सोन देतात, ते मॉर्फिन पेशीवर जिथे जाऊन बसतं त्या जागा अडवतं. नॅलोक्सोन दिल्यावर अर्काचा असर गेला की समजायचं, अर्क त्याच वाटेने जात होता. एका पंजाच्या चाटण्यावरून एवढं कळतं राव!

अर्थात अर्काने उंदराला गुंगी आली असेल तरी तो चाटणार नाहीच. म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर ठेवून तोल सांभाळतो का बघतात, ही रोटारॉड टेस्ट, आणि ही केलेली नसेल तर अर्क वेदनाशामक आहे की नुसता झोपवणारा हे सांगणं अवघड. आणखी एक भानगड २०१४ला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या जेफ्री मोगिल यांच्या ग्रुपने दाखवली. प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांची वेदनेची लक्षणं कमी दिसतात, पुरुषाने घातलेला टीशर्ट शेजारी ठेवला तरी पुरतं, कारण त्या वासाने उंदराला ताण येतो आणि ताणात वेदना दबते.

आता डोसचं. समजा उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी ढोबळ हिशोब साधारण १२ने भागायचा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दोनेक ग्रॅम, आणि तोही पाला नाही, बऱ्याचदा मेथॅनॉलमध्ये काढून सुकवलेला अर्क. सकाळी उकळलेल्या काढ्याचा या आकड्याशी संबंध जोडायचा कसा? "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणणाऱ्यांना तर मी कण्हेर आणि धोतरा दाखवतो, तेही निसर्गातच उगवतात.

आणि समजा सगळं नीट केलं, तरी फसायला जागा राहतेच. कॅमेरूनमध्ये नॉक्लिया लॅटिफोलिया नावाचं झाड आहे, लोक त्याच्या मुळांचा काढा दुखण्यावर घेतात. उंदरांवर तो काढा चालला. मग त्यात नेमकं काय आहे ते शोधलं आणि २०१३ला बातमी आली की मुळांच्या सालीत ट्रामाडॉल सापडलं, म्हणजे १९७७पासून औषध म्हणून विकलं जाणारं, माणसाने कारखान्यात बनवलेलं वेदनाशामक! निसर्गाने आधीच बनवून ठेवलं होतं म्हणून गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या मिशाएल श्पिटेलर यांच्या ग्रुपने त्याच भागात जाऊन माती आणि पाणी तपासलं. त्यातही ट्रामाडॉल, शिवाय ते प्राण्याच्या शरीरातून गेल्यावरच तयार होणारे त्याचे तुकडे. तिथले शेतकरी भर उन्हात नांगर ओढायला बैलांना ट्रामाडॉल चारत होते, स्वतःही घेत होते, ते मुतातून मातीत आणि मातीतून मुळांत.

वाद तरी मिटला नाही, म्हणून २०१६ला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) मोजला. जिवंत झाडाने बनवलेल्या कुठल्याही रेणूत तो असतोच, पेट्रोलियमपासून बनवलेल्यात नसतो. कॅमेरूनमधल्या मारूआ शहराच्या बाजारात विकत घेतलेल्या गोळीतल्या ट्रामाडॉलमध्ये कार्बन-१४ नव्हता, आणि शेतातल्या मातीतून काढलेल्यातही नव्हता.