साखरेचा एक रुपया कोणाला किती मोठा

साखरेच्या दरात किलोमागे १ रुपयाचा फरक पडला, तर तो कोणाला किती जाणवतो? भारतात माणशी वर्षाला साधारण २० किलो साखर खपते आणि तिच्यातला बराच वाटा मिठाई, बिस्किटे व शीतपेयांतून पोटात जातो. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला हा रुपया वर्षाकाठी ८० रुपयांच्या आसपास पडतो, तोही नकळत. आता हाच रुपया कारखान्याच्या ताळेबंदात पाहावा. हंगामात १० लाख टन उसाचे गाळप करणारा आणि १० टक्के उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या १० टक्के साखर, मिळवणारा कारखाना १ लाख टन, म्हणजे १० कोटी किलो साखर तयार करतो. त्याच्या लेखी किलोमागचा रुपया १० कोटींचा असतो. ८० रुपयांसाठी कोणी शिष्टमंडळ घेऊन दिल्ली गाठत नाही. १० कोटींसाठी मात्र न जाणाऱ्या संचालक मंडळालाच सभासद जाब विचारतील.

हितसंबंधी गट सरकारी धोरणावर प्रभाव कसा टाकतात, याचे पहिले उत्तर या हिशेबात आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मँकर ओल्सन यांनी १९६५ साली ते सिद्धांतरूपाने मांडले. गट मोठा आणि विखुरलेला असला की खटपट दुसऱ्याने करावी आणि लाभ मात्र आपल्यालाही मिळावा, असे प्रत्येकाला वाटते. परिणामी कोट्यवधी ग्राहक असंघटित राहतात आणि मोजके उत्पादक संघटित होतात. ओल्सन यांच्या मांडणीचा दुसरा भाग कमी उद्धृत होतो, पण महाराष्ट्राला तो अधिक लागू पडतो. मोठे गट संघटित झालेले दिसतात, तेव्हा ती संघटना बहुधा वेगळ्याच कामासाठी उभी राहिलेली असते आणि राजकीय दबाव हे तिचे उपउत्पादन असते, साखर करताना मळी निघावी तसे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तो ऊस गाळण्यासाठी. परंतु भागभांडवल, ऊसनोंदणी, तोडणीचा कार्यक्रम, वजनकाटा आणि वार्षिक सभा यांनी हजारो शेतकरी एका दाराशी बांधले गेले, की तेच जाळे निवडणुकीलाही उपयोगी पडते. कारखान्याचे अध्यक्षपद आणि आमदारकी एकाच घरात असणे हा आपल्याकडे योगायोग मानला जात नाही, तो यामुळेच.

दबाव म्हणजे पैशांची थैली, ही समजूत अपुरी आहे. रोजच्या व्यवहारात गटाचे खरे भांडवल माहिती हे असते. यंदा ऊस किती, उतारा किती, साखर किती शिल्लक राहील, याचे अंदाज ‘इस्मा’ ही कारखानदारांची संघटना उपग्रह छायाचित्रांच्या आधारे जाहीर करते. धोरण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आकडे मांडणाराच मागणीही मांडत असतो.

जो विषय किचकट असतो आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही, तिथे अशा गटांचे सर्वाधिक चालते. उसाला किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम हा कारखान्याचा खर्च मानायचा की सभासदांना वाटलेला नफा, हा सहकारी कारखाने आणि आयकर खाते यांच्यातला वाद कित्येक वर्षे चालला. २०१५ साली कायद्यात बदल झाला. त्याआधीच्या वर्षांची थकीत करमागणी मात्र डोक्यावर राहिली. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची देयकेही खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली आणि हा दिलासा सुमारे १०,००० कोटी रुपयांचा असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. कारखान्यांचे मागणे गैर होते असे माझे म्हणणे नाही. पण एवढ्या रकमेच्या निर्णयावर चौकाचौकात किती चर्चा झाली, हे वाचकाने आठवून पाहावे.

विषय स्वयंपाकघरात शिरला की चित्र पालटते. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने साखर घटण्याची चिन्हे दिसू लागली आणि लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर तडकाफडकी बंदी घातली. इथेनॉल प्रकल्पांसाठी कर्जे काढून बसलेल्या कारखानदारांत खळबळ उडाली, निवेदने गेली, आणि १५ डिसेंबरला, अवघ्या ८ दिवसांत, १७ लाख टनांपर्यंत साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेत परवानगी परत मिळाली. गटाला वाट काढता आली, पण मर्यादा राहिलीच. असंघटित ग्राहक मतदार म्हणून न बोलताही हजर होता.

याच उद्योगातला सर्वांत दुबळा घटक ऊसतोड मजुरांचा. त्यांची संख्या लाखोंत आहे, संघटना आहेत, संपही होतात. परंतु मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी हंगामभर गावापासून दूर, फडाफडांत विखुरलेल्या कोयत्यांना, म्हणजे मजूर जोडप्यांना, एकत्र आणणारे कायमचे दार नाही.

ऊसउत्पादकांचे तसे नाही. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसदराच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर होतो, आणि तोडलेला ऊस वाळू लागत असल्याने वाहतूक अडवण्याचे हत्यार परिणामकारक ठरते. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होता. २०२४-२५ साठी तो ३४० रुपये झाला, जरी त्यासाठीचा मूळ उतारा मधल्या काळात १० वरून १०.२५ टक्क्यांवर नेण्यात आला. साखरेचा किमान विक्री दर मात्र जून २०१८ मध्ये किलोला २९ आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरल्यानंतर, कारखानदारांनी वारंवार मागणी करूनही, त्या सबंध काळात तिथेच थांबला. एफआरपी वाढवली तर पैसे कारखान्याने द्यायचे असतात. विक्री दर वाढवला तर ग्राहकाने.