फुफ्फुसाच्या आजारावर ‘अज्ञात कारण’ असा शिक्का मारण्याआधी

2011 साली अमेरिकेतल्या एका औषधचाचणीचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ, या अज्ञात कारणाने फुफ्फुसात तंतू साचत जाणाऱ्या आजारात तोवर स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन ही औषधं सर्रास एकत्र दिली जात. चाचणीत ती घेणाऱ्यांपैकी 8 जण दगावले; जवळपास तेवढ्याच रुग्णांच्या, प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्या गटात फक्त 1. उलट, क्रिप्टोजेनिक ऑर्गनायझिंग न्यूमोनिया या आयपीएफच्या भाऊबंद आजारात बहुतेक रुग्ण स्टेरॉइडनेच सुधारतात. तक्रारी मात्र दोन्हीकडे सारख्याच, खोकला आणि धाप. निदान चुकलं तर काय होतं, हे यावरून कळावं.

वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंतींना आधार देणाऱ्या नाजूक ऊतीला इंटरस्टिशियम म्हणतात. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा काही ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तिथे सूज आली किंवा तंतू साचले की फुफ्फुस ताठ होतं आणि प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. असं करणारे आजार दोनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या अनेकांचं कारण सापडतं. कसून शोधूनही सापडलं नाही, तरच ‘इडिओपॅथिक’ म्हणायचं.

माझ्या मते या शोधातली सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे रुग्णाशी निवांत बोलणं. घरात कबुतरं किंवा पोपट आहेत का? भिंतींना ओल, बुरशी? पिसांची उशी? कामाच्या ठिकाणी दगडाची धूळ, अ‍ॅस्बेस्टॉस? हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन कधी घेतलं होतं का? सकाळी सांधे आखडतात, थंडीत बोटं पांढरी पडतात? हे शेवटचे प्रश्न संधिवात, स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा आजार) अशा आजारांसाठी. त्यांच्या रक्तचाचण्याही करतात. नात्यात कुणाला असा त्रास होता का, हेही विचारावं लागतं, कारण काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो.

मग स्टेथोस्कोप. पाठीच्या खालच्या भागात, श्वास आत घेताना शेवटी कोरडी करकर ऐकू येते. काहींच्या बोटांची टोकं फुगीर झालेली असतात. साधा एक्स-रे सुरुवातीला चक्क नॉर्मल दिसू शकतो, त्यामुळे त्यावर निर्धास्त राहू नये. फुंकण्याच्या चाचणीत फुफ्फुसाची क्षमता कमी भरते, पण दम्यासारखा श्वासनलिकांचा अडथळा दिसत नाही. वायू रक्तात किती उतरतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी बिघाड लवकर दाखवते. सहा मिनिटं चालवलं की बसल्या जागी ठीक असलेलं ऑक्सिजनचं प्रमाण घसरताना दिसतं.

खरा उलगडा बहुतेकदा एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाच्या बारकाईने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये होतो. त्यात सुमारे 1 मिलिमीटर जाडीचे छेद दिसतात. फुफ्फुसाच्या तळाशी, कडेकडेने मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं आणि ओढल्या गेलेल्या श्वासनलिका दिसल्या, वय साठीच्या आसपास किंवा पुढे असलं आणि दुसरं कारण नसलं, तर ते आयपीएफच. अशा वेळी तपासणीसाठी फुफ्फुसाचा तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची, गरज नसते. आणि हे फार चांगलं आहे, कारण आजारी फुफ्फुसावरच्या शस्त्रक्रियेनंतर आजार अचानक उसळू शकतो. चित्र संदिग्ध असेल तर बायोप्सीचा विचार होतो. अनुभवी केंद्रांत दुर्बिणीतून गोठवून तुकडा घेण्याची क्रायोबायोप्सीही 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी स्वीकारली आहे.

अंतिम निर्णय एकट्याने घेऊ नये. छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, गरजेप्रमाणे पॅथॉलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात, तेव्हा निदान बऱ्याचदा बदलतं. तरीही काही रुग्ण कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत. त्यांच्या चाचण्या काही महिन्यांनी पुन्हा करून आजाराची चाल पाहावी लागते.

आयपीएफसाठी अमेरिकेत 2014 मध्ये पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या औषधांना मान्यता मिळाली. ती फुफ्फुसाची घसरण मंदावतात. गेलेली क्षमता परत आणत नाहीत. म्हणून आठवडेच्या आठवडे टिकलेला कोरडा खोकला आणि जिना चढताना वाढत जाणारी धाप वयाच्या खाती टाकू नका. छातीविकारतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना आजवर घेतलेल्या औषधांची यादी व जुने एक्स-रे बरोबर न्या.